त्वचेचा कर्करोग : उन्हापेक्षा जुन्या जखमेकडे लक्ष हवे

त्वचेच्या कर्करोगाविषयी आपण जे वाचतो, ते बहुधा गोऱ्या कातडीच्या देशांतून आलेले असते. समुद्रकिनारा, कडक ऊन, सनस्क्रीन मलम आणि अंगावरचे तीळ न्याहाळण्याचा सल्ला, असा तो मजकूर असतो. तो चुकीचा नाही. परंतु भिलाईच्या कॅम्प-१ मधील कामगाराला किंवा वर्ध्याच्या बाजूला शेतात राबणाऱ्या बाईला त्याचा उपयोग थोडाच. सावळ्या कातडीत हा रोग अनेकदा निराळ्या वाटेने येतो. भाजल्याच्या जुन्या व्रणातून, वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेतून, कमरेला करकचून बांधलेल्या नाडीखाली, सोमल मिसळलेल्या पाण्यातून आणि डांबराच्या संपर्कातून तो उद्भवतो.

भिलाई पोलाद कारखान्याचा करार १९५५ साली तत्कालीन सोव्हिएत संघाशी झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. बांधकामासाठी आलेल्या मजुरांच्या छावण्यांची आठवण कॅम्प-१ आणि कॅम्प-२ या वस्त्यांच्या नावांत आजही टिकून आहे. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. मुंबई-हावडा लोहमार्ग नागपूर, गोंदिया, राजनांदगाव आणि दुर्ग असा भिलाईला पोहोचतो, आणि १९५६ पर्यंत दुर्ग व नागपूर हे एकाच राज्यात होते. पोलादाच्या गावात तापलेला धातू, कोळशाचे डांबर आणि भाजणे या गोष्टी रोजच्या व्यवहारातल्या. अशा ठिकाणी त्वचेच्या कर्करोगाची चर्चा तीळ आणि ऊन यांच्यापाशी थांबली, तर ती अपुरी ठरते.

दोन प्रकार

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपासून होणारा मेलॅनोमा हा कर्करोग वेगळा. तो भारतात विरळ आहे. उरलेल्यांना एकत्रितपणे मेलॅनोमाखेरीजचे त्वचेचे कर्करोग म्हटले जाते आणि त्यांत दोन प्रमुख आहेत. त्वचेच्या वरच्या स्तराच्या तळाशी असलेल्या पेशींपासून होतो तो बेसल सेल कार्सिनोमा. त्यावरच्या चपट्या पेशींपासून होतो तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.

पहिला सावकाश वाढतो आणि शरीरात दूरवर क्वचितच पसरतो. मात्र तो जागच्या जागी पोखरत जातो. नाक, गाल, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळची पापणी ही त्याची आवडती ठिकाणे. गोऱ्या त्वचेवर तो मोत्यासारख्या चमकदार, गुलाबी पुळीच्या रूपाने दिसतो. आपल्याकडे तो बहुधा काळसर असतो आणि म्हणूनच त्याला तीळ किंवा चामखीळ समजून वर्षे काढली जातात. मधोमध खपली धरते, ती पडते, थोडे रक्त येते, पुन्हा खपली धरते. हा क्रम महिनोन्महिने चालला तर तो तीळ नव्हे.

दुसरा प्रकार अधिक गंभीर. जाड, खरबरीत, खवल्यांची गाठ किंवा टणक उंचावलेल्या कडांची जखम असे त्याचे रूप असते. पुढे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ होते, हात लागताच रक्त येते, दुर्गंधी सुटते. तो जवळच्या लसिका ग्रंथींत आणि तेथून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतो. या लेखात ज्या वाटांची चर्चा आहे, त्या बहुतेक याच रोगाकडे जातात.

उन्हाचा दोष नाही असे मात्र नव्हे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पेशीच्या गुणसूत्रांतील डीएनएला इजा करतात. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य छत्रीसारखे पेशींचे रक्षण करते, म्हणून सावळ्या माणसाला हा धोका कमी असतो. ज्यांच्या त्वचेत हे रंगद्रव्य जन्मतःच नसते किंवा फार थोडे असते, त्या वर्णहीन व्यक्तींना आपल्या उन्हात तरुणपणीच कर्करोग होऊ शकतो. त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन मलम ही चैन नसून औषधाइतकीच गरज आहे. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांनाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागत असल्यामुळे, असाच सावधपणा ठेवावा लागतो.

व्रणात दडलेला रोग

जाँ-निकोला मार्जोलँ या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८२८ साली जुन्या व्रणावर उगवणाऱ्या चामखिळीसारख्या जखमांचे वर्णन केले. ती वाढ कर्करोगाची असते हे पुढच्या पिढीतल्या वैद्यांनी ओळखले, पण नाव त्याचेच राहिले. मार्जोलिन व्रण म्हणजे भाजल्याच्या डागात किंवा दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमेत निर्माण झालेला कर्करोग, आणि तो बहुधा स्क्वॅमस सेल प्रकारचा असतो.

मोठ्या प्रमाणात भाजल्यावर कातडी आखडते. सांध्यावरचा असा ताणलेला व्रण हालचालीबरोबर चिरतो, भरतो, पुन्हा चिरतो. प्रत्येक वेळी पेशींना नव्याने विभागून ती चीर भरावी लागते आणि प्रत्येक विभाजनात चूक होण्याची शक्यता असते. त्यात व्रणाच्या जागी रक्ताचा आणि लसिकेचा पुरवठा कमी असतो, त्यामुळे चुकलेल्या पेशीला वेळीच ओळखून नष्ट करणारी शरीराची पहारेदारी तेथे दुबळी असते. हे सारे घडण्यास बहुधा काही दशके लागतात. विशीत भाजलेल्या माणसाला पन्नाशीत हा रोग होतो आणि तोवर भाजल्याची हकिकत तो स्वतःही सांगेनासा झालेला असतो.

एकट्या भाजण्याचा हा प्रश्न नाही. हाडातून वर्षानुवर्षे पू वाहणारे नासूर, पायाच्या नसा फुगून घोट्याजवळ झालेली जखम आणि कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्याचा व्रण यांतही कर्करोग होऊ शकतो. विदर्भ आणि छत्तीसगड या दोन्ही भागांत कुष्ठरोगाचे प्रमाण दीर्घकाळ मोठे राहिले आहे, म्हणून या शेवटच्या गटाकडे विशेष लक्ष हवे. बधिर पायाला वेदना होत नाही. जखमेचे रूप बदलले तरी रुग्णाला ते दुखण्यावरून कळत नाही, आणि रोजची मलमपट्टी करणाऱ्या घरच्या माणसालाही ती जखम सवयीची झालेली असते. खरा घात या सवयीने होतो, असे वाटते.

काश्मिरात फिरनच्या आत निखाऱ्याची कांगडी धरून बसण्याची पद्धत आहे. तिच्या सततच्या उष्णतेने पोटावर आणि मांडीवर होणारा कर्करोग कांगडी कर्करोग म्हणून वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तेथे मोठे भाजणे नसते, फक्त थोडी थोडी उष्णता हिवाळ्यामागून हिवाळे एकाच जागी लागत राहते.

नाडी आणि लुगडे

पोशाखातून उद्भवणाऱ्या अशाच एका कर्करोगाची पहिली नोंद मुंबईत झाली. टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली भारतीयांच्या चालीरीतींशी संबंध असलेल्या कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतर कमरेला घट्ट नेसल्याने त्या रेषेवर होणाऱ्या कर्करोगाचा समावेश होता. धोती कर्करोग हे नाव तेव्हापासून रूढ झाले. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तोच प्रकार दिसला आणि त्याला साडी कर्करोग म्हटले जाऊ लागले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या ब्रिटिश नियतकालिकात दोन स्त्रियांच्या रोगाची हकिकत दिली. पहिली सत्तर वर्षांची. कमरेच्या उजव्या बाजूची तिची जखम दीड वर्ष भरत नव्हती आणि भोवतीच्या कातडीचा रंग गेला होता. साडीच्या आत परकराची नाडी ती घट्ट बांधत असे. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली. ती चाळीस वर्षे परकराशिवाय, कमरेला आवळून लुगडे नेसत आली होती. तिची जखम दोन वर्षांची होती आणि तपासणीअंती रोग जांघेतील ग्रंथीपर्यंत गेल्याचे आढळले. दोघींच्याही जखमा मार्जोलिन व्रण होत्या.

लेखकांनी या रोगास साडीऐवजी परकर कर्करोग म्हणावे असे सुचवले, कारण दोष वस्त्राचा नसून आवळलेल्या नाडीचा आहे. दुसरी हकिकत पाहता हे नावही पुरते बसत नाही, कारण तिथे परकरच नव्हता. महाराष्ट्राचे लुगडे आणि छत्तीसगडचा लुगरा यांत नेसण्याचा फरक असला, तरी गाठीचा किंवा काठाचा भार रोज एकाच रेषेवर येणे दोन्हींत सारखेच आहे. घाम, धूळ आणि घर्षण यांनी त्या रेषेवरची कातडी आधी काळी पडते, मग पांढरट होते, तिच्यावर खवले येतात, खाज सुटते. या अवस्थेत नाडी सैल केली, तिच्याऐवजी रुंद पट्टा किंवा इलॅस्टिक वापरले, गाठीची जागा बदलत राहिली, तर पुढचे टळते. नेसण सोडण्याची गरज नाही. अडचण निराळीच आहे. कमरेची ही जागा वस्त्राखाली असते, ती दाखवण्यास संकोच वाटतो आणि बहुतेकींना ती नायट्याची जागा वाटून औषधाच्या दुकानातले मलम लावले जाते.

पाणी आणि डांबर

भिलाईच्या नैऋत्येस, गडचिरोलीच्या सीमेच्या बाजूला, अंबागड चौकीचा भाग आहे. पूर्वी तो राजनांदगाव जिल्ह्यात होता, २०२२ पासून मोहला-मानपूर-अंबागड चौकी या नव्या जिल्ह्यात मोडतो. या भागातील कौडीकसा आणि आसपासच्या काही गावांच्या भूजलात आर्सेनिक, म्हणजेच सोमलाचे मूळद्रव्य, मर्यादेच्या कित्येक पट असल्याचे १९९९ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. बंगालमध्ये आर्सेनिक नदीच्या गाळातून येते, येथे ते प्राचीन ज्वालामुखीय खडकांतून पाण्यात उतरते.

असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके उमटतात आणि तळहात व तळपाय येथे घट्ट, खरबरीत फोड येतात. काही रुग्णांत पुढे कर्करोग होतो. त्याचे वैशिष्ट्य असे की तो उन्हापासून झाकलेल्या भागावरही येतो आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी दिसतो. पाणी बदलल्यानंतरही दहा-वीस वर्षांनी तो उद्भवू शकतो. त्यामुळे कामाच्या शोधात शहरात आलेल्या माणसाला डॉक्टरांनी आजच्या नळाविषयी विचारणे पुरेसे नाही. तो लहानपणी कोणत्या गावच्या विहिरीचे पाणी प्यायला, हे विचारायला हवे. आर्सेनिक उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटते आणि तेवढेच आर्सेनिक थोड्या पाण्यात राहते. सोमल, हरताळ किंवा मनशीळ घातलेली, अशुद्ध आणि बेहिशेबी दिलेली काही औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही हेच परिणाम होतात.

डांबराची कथा जुनी आहे. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी झाडणाऱ्यांच्या वृषणकोशावरील कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. एखाद्या व्यवसायामुळे कर्करोग होतो, हे दाखवणारे ते पहिले उदाहरण मानले जाते. जपानच्या कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी १९१५ मध्ये सशांच्या कानांवर कोळशाचे डांबर पुनःपुन्हा लावून कर्करोग निर्माण केला, आणि पुढे १९३० च्या दशकाच्या आरंभी डांबरातील बेंझोपायरीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. कोळशापासून कोक बनवताना हे डांबर निघते. कोक भट्टीवरील कामात फुप्फुसाच्या कर्करोगाची भीती अधिक असली, तरी डांबर आणि त्याचा घट्ट गाळ यांचा वारंवार स्पर्श होणाऱ्या कातडीवरही गाठी येऊ शकतात. रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या मजुरांनीही हात आणि कपडे यांची काळजी घ्यावी. डांबराने भिजलेले कपडे त्याच दिवशी बदलावेत आणि रॉकेलऐवजी साबणाने हात धुवावेत.

कायद्यानेही हा धोका मान्य केला होता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत त्वचेचा हा कर्करोग सरकारला कळवण्याच्या रोगांत होता आणि १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने डांबर, पिच व खनिज तेल यांच्या संपर्कातून होणारा त्वचेचा कर्करोग व्यवसायजन्य मानला होता. रुग्णाने आपल्या कामाचे नेमके स्वरूप आणि ते किती वर्षे केले हे पहिल्याच भेटीत केस पेपरवर लिहवून घ्यावे. पुढे कागद जमवत बसण्यापेक्षा ते सोपे जाते.

तुकड्याची तपासणी

कोणतीही जखम चार ते सहा आठवड्यांत भरण्याच्या मार्गाला लागली नाही, तर तिची तपासणी झाली पाहिजे. जुन्या व्रणात नवी गाठ, टणक झालेली कड, वाढलेला वास, सहज येणारे रक्त किंवा नव्याने सुरू झालेली वेदना यांपैकी काहीही दिसले, तर तेवढेही थांबू नये.

ही तपासणी म्हणजे बायोप्सी. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुरी लागली की कर्करोग पसरतो, हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. त्वचेच्या या कर्करोगांत तुकडा घेतल्याने रोग पसरत नाही. उशीर झाल्याने मात्र पसरतो, आणि बायोप्सीनंतर पसरलेला दिसतो तो बहुधा आधीपासूनच पसरलेला असतो. एक तांत्रिक गोष्ट रुग्णालाही माहीत असावी. तुकडा जखमेच्या कडेचा हवा, कारण मधल्या सडलेल्या भागात निदान होण्याजोगे फारसे काही सापडत नाही. मोठ्या व्रणात तो अनेक ठिकाणांहून घ्यावा लागतो. अहवाल निर्दोष आला आणि तरीही जखम वाढतच राहिली, तर बायोप्सी पुन्हा करून घेण्यास संकोचू नये.

बिब्बा लावणे, चुना-सोड्याने जाळणे, घोड्याच्या केसाने चामखीळ बांधणे, हे उपाय अजूनही होतात. बिब्ब्याचा रस कातडी भाजतो. खालचा कर्करोग तसाच राहतो आणि वर एक नवा व्रण तयार होतो. पुढे डॉक्टरांना मूळ गाठ कुठवर होती, हेही कळत नाही.

उपचार

लवकर सापडलेल्या रोगात शस्त्रक्रिया हाच मुख्य आणि बहुधा एकमेव उपचार असतो, आणि बहुसंख्य रुग्ण त्याने पूर्ण बरे होतात. गाठीभोवतीची काही मिलिमीटर निरोगी कातडीही काढतात. धोका कमी असलेल्या बेसल सेल प्रकारात सुमारे ४, तर स्क्वॅमस सेल प्रकारात ४ ते ६ मिलिमीटर. मार्जोलिन व्रणात ही कड सेंटिमीटरांत मोजावी लागते. उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची पातळ कातडी बसवतात. काढलेल्या तुकड्याच्या सर्व कडा रोगमुक्त आहेत का, हे अहवालात लिहिलेले असते आणि ते वाक्य रुग्णाने डॉक्टरांकडून समजावून घ्यावे.

नाक आणि पापणी येथे निरोगी कातडी वाचवणे महत्त्वाचे असते. त्यासाठी अमेरिकेच्या फ्रेडरिक मोस यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत एकेक पातळ थर काढून लगेच तपासतात. भारतात ती मोजक्याच ठिकाणी होते. अगदी वरवरच्या रोगात फ्लुरोयुरॅसिल किंवा इमिक्विमॉड ही मलमे आणि अतिशीत उपचार चालतात. वृद्ध किंवा शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांना किरणोपचार देतात. ग्रंथींत रोग गेला असेल तर त्या काढून पुढे किरणोपचार जोडतात. हाडापर्यंत पोहोचलेल्या व्रणात कधी बोट किंवा पायही काढावा लागतो. दूर पसरलेल्या स्क्वॅमस सेल रोगावर प्रतिकारशक्तीला चालना देणारे सेमिप्लिमॅब हे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, पण त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. आरंभीची छोटी शस्त्रक्रिया आणि हे औषध यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मोठे भाजल्यास तीन आठवड्यांत जखम भरली नाही तर त्वचारोपणाचा विचार व्हावा, म्हणजे कायम चिरणारा व्रण मागे राहत नाही. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा शाई न लावता वीस मिनिटे साधे वाहते पाणी घालणे हा पहिला उपाय.

भिलाईत सेक्टर-९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र, रायपूरला एम्स आणि डॉ. आंबेडकर स्मृती रुग्णालयातील विभागीय कर्करोग केंद्र, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय या संस्था या बाजूच्या रुग्णांना ठाऊक आहेत. मात्र बायोप्सीसाठी इतक्या दूर जाण्याची गरज नसते. जिल्हा रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक ती करू शकतात. पात्र कुटुंबांना २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. कार्ड तपासणीच्या वेळीच दाखवावे.

बरे झालेल्या रुग्णाने पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा तपासणीस जावे. एकदा हा कर्करोग झालेल्या माणसाला दुसऱ्या जागी तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. म्हणून प्रत्येक भेटीत शस्त्रक्रियेच्या खुणेबरोबर सारे अंग, तळवे, कंबर, जांघ आणि काखेतील ग्रंथी डॉक्टरांना दाखवाव्यात.